चाळीस मीटर खोल पाण्याची शाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या विहिरीवर पोहायला जाणाऱ्या मुलांची एक ठरलेली पैज असते. काठावरून सूर मारायचा, थेट तळ गाठायचा आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. तुमच्यापैकी कोणी ही पैज जिंकली असेल, तर त्याला एक गोष्ट नक्की आठवत असेल. दीड-दोन पुरुष खोल गेले की कानांत कळ येऊ लागते. जणू काही कोणी दोन्ही कानांवर अंगठे दाबून धरले आहेत! वर आले की कळ थांबते.

ही कळ कशामुळे येते? कानात पाणी शिरल्यामुळे नाही. ती येते पाण्याच्या दाबामुळे. आपल्या डोक्यावर जेवढे पाणी, तेवढा त्याचा भार. हा भार कानाचा पडदा आत ढकलतो आणि पडदा दुखू लागतो. विहिरीत दोन पुरुष खोल गेल्यावर जर ही अवस्था, तर समुद्रात ४० मीटर खोल जाणाऱ्या माणसाचे काय होत असेल? ४० मीटर म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीची उंची!

तरीही आज जगभर हजारो लोक केवळ हौसेने इतके खोल जातात. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी, तोंडात श्वासाची नळी, डोळ्यांवर काच आणि पायांत रबरी पंखे, एवढ्या सरंजामावर ते समुद्राच्या पोटात शिरतात. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. आपल्याकडे मालवणजवळच्या तारकर्लीला पर्यटक शिक्षकाचा हात धरून काही मीटर खोल पाण्यात बुडी मारून मासे पाहून येतात. ती झाली तोंडओळख. ज्यांना स्वतंत्रपणे बुडी मारायची असते, त्यांना रीतसर अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. बहुतेक संस्थांच्या पहिल्या परीक्षेनंतर १८ मीटरपर्यंत जाता येते, दुसरीनंतर ३० मीटरपर्यंत. त्यापुढे खोल बुडीचा खास अभ्यासक्रम असतो आणि त्याची मर्यादा ४० मीटर धरलेली आहे.

या खास अभ्यासक्रमात काही ठिकाणी अवघ्या चार बुड्या असतात. चार बुड्यांत शिकवायचे तरी काय? टाकी बांधणे आणि पाय मारणे तर विद्यार्थी आधीच शिकलेला असतो. मग ४० मीटरवर जाणाऱ्याला असे कोणते ज्ञान हवे, की जे नसेल तर तो परत येणार नाही? आज आपण हेच पाहू या. यातले बरेचसे तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकातच आहे, हे पाहून तुम्हाला गंमत वाटेल.

कमानीची भूल

इजिप्त देशात, तांबड्या समुद्राच्या काठी दहाब नावाचे गाव आहे. तेथे किनाऱ्याला लागूनच प्रवाळाच्या खडकात एक खोल, गोल विवर आहे. त्याला ‘ब्ल्यू होल’ म्हणजे निळे विवर म्हणतात. विवराच्या एका भिंतीला पाण्याखाली एक कमान आहे. तिच्यातून पलीकडे गेले की उघडा समुद्र लागतो. या कमानीचा माथा सुमारे ५५ मीटर खोल आहे.

पाणी इतके नितळ, की पलीकडचा निळा उजेड कमानीतून झिरपताना दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, ‘ही तर जवळच आहे. थोडेसेच आणखी खाली, आणि मग चार हात मारले की पलीकडे!’ या भुलीने कित्येक पाणबुडे प्राणांस मुकले आहेत. किनाऱ्यावरच्या खडकावर त्यांच्या नावांच्या पाट्या बसवलेल्या आहेत. त्यांत नवशिके होते तसेच मुरलेले पाणबुडेही होते. विवरात कोणी राक्षस राहत नाही. तेथे आहेत ते फक्त काही वायू आणि निसर्गाचे काही नियम. हे नियम आता एकेक करून तपासू.

पहिला धडा : दाबाची बाराखडी

आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्यालाही वजन आहे. समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो, त्याला आपण ‘एक वातावरण’ म्हणू. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीला या दाबात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब २ वातावरणे, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४ आणि ४० मीटरवर ५. खोलीला दहाने भागा आणि एक मिळवा, की झाले गणित.

आता रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला नियम आठवा. तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला, तर त्याचे आकारमान निम्मे होते. दाब पाचपट केला तर आकारमान पाचवा हिस्सा. एक लिटर हवेने भरलेला फुगा ४० मीटर खोल नेला, तर तो २०० मिलिलिटरचा होईल.

शरीराचा बराचसा भाग पाण्याचा बनलेला आहे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे हातपाय चेपत नाहीत. पण कान, नाकाजवळच्या पोकळ्या आणि फुप्फुसे यांत हवा असते. तेथे बॉईलचा नियम लागू पडतो. म्हणून पाणबुड्या खाली जाताना सारखा आवंढा गिळतो किंवा नाक चिमटीत धरून हळूच फुंकतो. त्यामुळे घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते, आतला दाब बाहेरच्याइतका होतो आणि कळ थांबते.

आता एक प्रश्न. चित्रपटात नायक शत्रूपासून लपण्यासाठी नदीत बुडून राहतो आणि बोरूच्या नळीतून श्वास घेतो. मग लांब नळी घेऊन दहा मीटर खाली का राहता येऊ नये? कारण नळीतली हवा असते एका वातावरणाच्या दाबाची, आणि छातीवर बाहेरून दाब असतो दोन वातावरणांचा. छातीच्या स्नायूंना एवढा भार उचलून फुप्फुसे फुगवता येत नाहीत. खरे तर एक मीटरवरही ते फार जड जाते. यासाठी सभोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात आली पाहिजे. ही युक्ती १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी साधली. त्यांच्या उपकरणातील झडप पाणबुड्याने श्वास ओढला की उघडते आणि जितका बाहेर दाब, तितक्याच दाबाची हवा देते. आजचे सगळे स्कूबा उपकरण याच झडपेवर उभे आहे.

दुसरा धडा : श्वास रोखू नका

पण या सोयीबरोबर एक धोकाही आला. ४० मीटरवर पाणबुड्याने छाती भरून श्वास घेतला, तर त्याच्या फुप्फुसांत पृष्ठभागावरच्या मानाने पाचपट हवा कोंबलेली असते. तो श्वास रोखून वर येऊ लागला तर काय होईल? दाब कमी होत जाईल, हवा प्रसरण पावेल आणि फुप्फुसांतील नाजूक वायुकोश फाटतील. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातील.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ४० मीटरवरून ३० मीटरवर येताना दाब ५ वरून ४ होतो, म्हणजे हवा फक्त सव्वापट होते. पण शेवटच्या १० मीटरांत दाब २ वरून १ वर येतो आणि हवा एकदम दुप्पट होते. म्हणजे सर्वांत धोक्याचा टप्पा तळाशी नसून पृष्ठभागाजवळ आहे. दीड-दोन मीटरवरून श्वास रोखून वर आल्यानेही फुप्फुसाला इजा झालेली आहे. म्हणून पाणबुड्यांच्या शाळेतला पहिला नियम असा : श्वास चालू ठेवा, कधीही रोखू नका.

अंगावरच्या रबरी पोशाखालाही हाच नियम लागतो. त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात. खोल गेल्यावर ते चेपतात, पोशाख पातळ होतो आणि माणूस जड होऊन आपोआप खाली जाऊ लागतो. तो भरून काढायला जाकिटात थोडी हवा सोडावी लागते. वर येताना हीच हवा फुगते आणि माणसाला बुचासारखी वर उडवू पाहते. म्हणून ती वेळीच सोडून द्यावी लागते. खोल पाण्यात एकाच जागी तरंगत राहता येणे ही निम्मी विद्या आहे.

तिसरा धडा : टाकीत हवा किती?

आता पाटी-पेन्सिल घ्या. साधारण वापरातली टाकी १२ लिटरची असते. तीत २०० बार दाबाने हवा भरतात. एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरणच. तेव्हा टाकीतली हवा मोकळी केली, तर ती १२ × २०० = २,४०० लिटर भरेल.

शांतपणे पोहणाऱ्या माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा लागते असे धरू. म्हणजे टाकी २ तास पुरेल. पण ४० मीटरवर? तेथे प्रत्येक श्वासात पाचपट हवा जाते. म्हणजे मिनिटाला १०० लिटर. आता तीच टाकी फक्त २४ मिनिटे पुरेल.

‘ठीक आहे, मग २० मिनिटे थांबू आणि वर येऊ’, असे कोणी म्हणेल. येथेच नवशिका फसतो. हवा कमी पडू शकते ती आपलीच असे नाही. पाणबुडे नेहमी जोडीने जातात. समजा, तळाशी असताना तुमच्या जोडीदाराची हवा संपली. किंवा त्याची झडप बिघडली. आता तुमच्या एकाच टाकीवर दोघांना वर यायचे आहे. घाबरलेला माणूस धापा टाकतो. तेव्हा प्रत्येकाला मिनिटाला २० ऐवजी ३० लिटर धरू. दोघांचे मिळून झाले ६० लिटर.

घडले काय हे समजून घ्यायला, एकमेकांना धरायला आणि जोडीदाराच्या तोंडात दुसरी नळी द्यायला एक मिनिट लागेल. तेथे दाब ५. तेव्हा ६० × ५ = ३०० लिटर.

नंतर वर येणे. हे सावकाश, मिनिटाला १० मीटर या वेगाने करायचे. म्हणजे ४ मिनिटे. वाटेत दाब ५ वरून १ वर येतो, म्हणजे सरासरी ३. तेव्हा ६० × ४ × ३ = ७२० लिटर.

शिवाय पृष्ठभागाच्या ५ मीटर खाली ३ मिनिटे थांबायचे आहे. ते का, हे पुढे पाहू. तेथे दाब दीड. तेव्हा ६० × ३ × १.५ = २७० लिटर.

बेरीज करा. ३०० + ७२० + २७० = १,२९० लिटर. याला १२ ने भागले की साडेसातावर शंभर, म्हणजे १०७.५ बार आले. पुढचा पूर्ण आकडा ११० घेऊ.

पाहिलेत? टाकीतली निम्म्याहून जास्त हवा आपण खर्च करायचीच नाही. ती जोडीदाराची ठेव आहे. दाबमापकाचा काटा ११० वर आला की, सभोवती कितीही सुंदर मासे असोत, दोघांनी वर निघायचे. खाली जाताना लागणारी हवा वजा केली, तर तळाशी जेमतेम ९ मिनिटे मिळतात.

‘५० बार उरले की वर या’ असा एक सोपा नियम पुष्कळांच्या तोंडी असतो. उथळ पाण्यात तो चालून जातो. पण ४० मीटरवर ५० बार म्हणजे ६०० लिटर. आपल्याला हवे होते १,२९० लिटर! तो नियम तेथे पाळणारा माणूस जोडीदाराला वाचवू शकणार नाही, आणि कदाचित स्वतःलाही. म्हणून खोल बुडीच्या अभ्यासक्रमात ठरीव आकडा पाठ करून घेऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या श्वासाचे आणि स्वतःच्या टाकीचे गणित सोडवून घ्यावे. एवढेच नव्हे, तर एका टाकीवर दोघांनी वर येण्याचा सराव प्रत्यक्ष पाण्यात पुन्हा पुन्हा करून घ्यावा.

चौथा धडा : खोल पाण्याची धुंदी

हवेचा जवळजवळ चारपंचमांश भाग नायट्रोजन आहे. जमिनीवर तो आपल्या शरीरात जातो आणि तसाच बाहेर येतो. पण दाब वाढला की तो भूल देणाऱ्या औषधासारखा वागू लागतो. सुमारे ३० मीटरच्या पुढे बहुतेकांना हे जाणवू लागते. कोणाला उगाच हसू येते, कोणाला भीती वाटते, कोणी दाबमापक पाहतो पण आकडा ध्यानात राहत नाही. हे नायट्रोजनमुळे होते, असे अल्बर्ट बेन्के या अमेरिकन नौदलातील डॉक्टराने १९३५ साली दाखवून दिले. नायट्रोजन मज्जापेशींच्या स्निग्ध आवरणात विरघळून त्यांच्या कामात अडथळा आणतो, असे मानतात.

कुस्तोचा एक सहकारी मोरिस फार्ग याने १९४७ साली हवेच्या टाकीवर अतिशय खोल बुडी मारली. १२० मीटरवर दोराला बांधलेल्या पाटीवर त्याने आपली सही केली. पण तो जिवंत वर आला नाही. वरून दोर ओढून साथीदारांनी त्याला बाहेर काढले तेव्हा श्वासाची नळी त्याच्या तोंडातून सुटलेली होती. एवढा कसलेला पाणबुड्या, पण धुंदीपुढे त्याचे काही चालले नाही.

या धुंदीची सर्वांत वाईट गोष्ट कोणती? ज्याला ती चढते, त्याला ती चढली आहे हे कळत नाही. ‘मी अगदी ठीक आहे’ असेच त्याला वाटत असते. सुदैवाने तिच्यावर उपाय सोपा आहे. दहा मीटर वर आले की ती उतरते आणि मागे काही राहत नाही.

म्हणून चांगला शिक्षक विद्यार्थ्याला जमिनीवर पाटीवर एक बेरीज-गुणाकार करायला देतो आणि वेळ मोजतो. नंतर तशीच उदाहरणे ३० मीटर खाली देतो. वर आल्यावर दोन्ही पाट्या शेजारी ठेवतो. जमिनीवर चटकन सुटलेले गणित खाली रेंगाळलेले असते, कधी चुकलेलेही असते. आपलेच वाकडेतिकडे अक्षर आपल्यापुढे आले की धड्याची खात्री पटते! तळाशी जाऊन विचार करू, असे म्हणून चालत नाही. सगळा विचार वर, उजेडात आणि शुद्धीत करून घ्यायचा आणि खाली फक्त तो पाळायचा.

पाचवा धडा : गोटीसोडा, पूल आणि बकऱ्या

जत्रेत गोटीसोड्याची बाटली उघडताना तुम्ही पाहिली असेल. बाटली बंद असताना आत एकही बुडबुडा दिसत नाही. गोटी आत ढकलली की फसफसून बुडबुडे उसळतात. बाटलीतील पाण्यात दाबाखाली विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडतो, म्हणून असे होते.

आपल्या रक्तातही असेच घडू शकते. बॉईलने १६७० साली एका सापाला पात्रात ठेवून त्यातली हवा उपसली, तेव्हा सापाच्या डोळ्यात एक बुडबुडा हलताना त्याला दिसला होता. पण त्या वेळी त्याचा अर्थ कोणाला कळण्याचे कारण नव्हते. तो कळला दोनशे वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनचा पूल बांधताना. नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी लाकडाच्या प्रचंड पेट्या उपड्या सोडल्या होत्या आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत दाबाची हवा भरली होती. आत काम करून बाहेर आलेल्या मजुरांचे सांधे भयंकर दुखू लागत. काही लुळे पडले, काही मेले. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ साली याच दुखण्याने अंथरुणाला खिळला. पुढे त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या आणि कामगारांच्या मध्ये दुवा होऊन काम तडीस नेले. १८८३ साली पूल खुला झाला.

फ्रान्समधल्या पॉल बेर या शास्त्रज्ञाने १८७८ साली सिद्ध केले, की हा सारा खेळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे. मग वर यायचे तरी किती सावकाश? याचे उत्तर इंग्लंडमधल्या जॉन हाल्डेन यांनी शोधले. त्यांनी बकऱ्यांना दाबाच्या कोठीत ठेवले आणि निरनिराळ्या वेगाने दाब उतरवला. फार घाई केली की बकरी बाहेर येऊन एक पाय वर उचलून उभी राहायची. तिचा सांधा दुखत आहे हे यावरून कळे. १९०८ साली हाल्डेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पाणबुड्यांसाठी पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली.

हाल्डेन यांची कल्पना समजायला सोपी आहे. पातळ पंचा पाण्यात टाकताच भिजतो आणि उन्हात लगेच वाळतो. जाड गोधडी भिजायला वेळ लागतो आणि वाळायला त्याहून जास्त. शरीरातही रक्तासारखे काही भाग नायट्रोजनने पटकन भरतात आणि पटकन रिकामे होतात, तर चरबी आणि सांधे यांसारखे भाग गोधडीसारखे असतात. जितके खोल आणि जितका जास्त वेळ, तितकी गोधडी जास्त भिजते. अमेरिकन नौदलाच्या १९५७ च्या कोष्टकात वाटेत न थांबता वर येता येईल अशी वेळ १८ मीटरला ६० मिनिटे होती, ३० मीटरला २५ मिनिटे आणि ४० मीटरला फक्त १० मिनिटे. यात खाली जायला लागणारा वेळही धरलेला असतो. हौशी पाणबुड्यांसाठीची आजची कोष्टके याहूनही जपून आहेत. पूर्वी मिनिटाला १८ मीटर वेगाने वर येणे चालत असे. आता ९ ते १० मीटर ही मर्यादा सांगतात, आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबतात. आपल्या हवेच्या गणितात ही तीन मिनिटे कोठून आली, ते आता कळले ना?

आज मनगटावर बांधायचा छोटा संगणक हे गणित क्षणाक्षणाला मांडत असतो. पण कालच्या जागरणाने तुम्ही थकला आहात, थंडीने कुडकुडत आहात किंवा पुरेसे पाणी प्यालेले नाही, हे त्या यंत्राला कळत नाही. शिवाय यंत्र बंद पडू शकते. म्हणून कोष्टक वाचता आलेच पाहिजे.

बुडी संपली तरी धडा संपत नाही. विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणजे पुन्हा गोटीसोड्याची गोष्ट! म्हणून एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये असे सांगतात. आणि दुखणे झालेच, तर रोग्याला शुद्ध प्राणवायू द्यायचा आणि दाबकक्षात न्यायचे. तेथे पुन्हा दाब वाढवून बुडबुडे लहान करतात आणि मग हळूहळू दाब उतरवतात. जवळचा दाबकक्ष कोठे आहे हे बुडी मारण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

सहावा धडा : प्राणवायूचे विष

‘हवेत प्राणवायू वाढवला तर आणखी खोल जाता येईल’, असे पुष्कळांना वाटते. हा समज अगदी उलटा आहे. दाबाखाली प्राणवायूही विषारी होतो आणि फेफरे आल्यासारखे झटके येतात, हे पॉल बेर यांनीच दाखवले. पाण्याखाली असे झटके आले तर तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. म्हणून श्वासातील प्राणवायूचा दाब १.४ वातावरणांच्या वर जाऊ देत नाहीत.

साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. ४० मीटरवर त्याचा दाब ०.२१ × ५ = १.०५ होतो. हे ठीक आहे. पण ३२ टक्के प्राणवायूचे मिश्रण भरले, तर १.४ ची मर्यादा ३३ मीटरवरच गाठली जाते. असे मिश्रण नायट्रोजन कमी शोषला जावा म्हणून बेताच्या खोलीवर उपयोगी पडते, जास्त खोल जाण्यासाठी नाही. टाकीत काय भरले आहे ते प्रत्येकाने स्वतः यंत्राने मोजून पाहावे. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नये.

मुंबई हायच्या तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे ४० मीटरहून खोल जातात, हे खरे. पण त्यांना वरून नळीने वायू मिळतो, खोल कामासाठी नायट्रोजनऐवजी हीलियम वापरतात आणि जहाजावर दाबकक्ष तयार असतो. हौशी पाणबुड्याच्या पाठीवर असते ती एक टाकी.

शेवटचा धडा : मागे फिरणे

आता पुन्हा दहाबच्या कमानीकडे जाऊ. पाणबुड्या ५५ मीटरवर पोचला आहे. दाब साडेसहा वातावरणे. शांतपणे श्वास घेतला तरी मिनिटाला १३० लिटर हवा संपते. प्राणवायूचा दाब १.४ च्या जवळ पोचला आहे. रक्तात नायट्रोजन भराभर विरघळत आहे. पोशाख चेपल्यामुळे शरीर जड होऊन खाली ओढत आहे. आणि हे सारे ज्या मेंदूने ओळखायचे, तोच धुंद आहे! त्याला काटा दिसतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. त्याला फक्त पलीकडचा निळा उजेड दिसतो.

एकेक धोका टाळता येण्यासारखा होता. पण सगळे एकदम आले आणि त्यांना ओळखणारा जागा नव्हता. याचा निर्णय वरच व्हायला हवा होता : अमुक खोली, अमुक मिनिटे, काट्यावर अमुक आकडा, आणि तेथून परत.

म्हणून खोल बुडीच्या अभ्यासक्रमाने एक गोष्ट सगळ्यांवर शिकवावी. जोडीतील कोणीही, कोणत्याही क्षणी, अंगठा वर करून ‘परत चला’ अशी खूण करू शकतो. पाणबुड्यांच्या भाषेत या खुणेचा अर्थ तेवढाच. दुसऱ्याने कारण विचारायचे नाही, वाद घालायचा नाही, आणि वर आल्यावर थट्टाही करायची नाही. जो ४० मीटरचे प्रमाणपत्र मागतो, त्याची परीक्षा घेताना तो किती खोल गेला एवढेच पाहू नये. ठरलेल्या आकड्यावर तो निमूटपणे मागे फिरला का, हे पाहावे. समुद्र कोठे पळून जात नाही. उद्या पुन्हा जाता येते.

तुम्ही कदाचित कधी समुद्रात बुडी माराल, कदाचित मारणार नाही. पण बॉईलचा नियम शिकताना आता तुम्हाला ठाऊक आहे, की कोठेतरी खोल पाण्यात कोणाचा तरी जीव त्या दोन ओळींवर अवलंबून आहे. आणि एक सांगणे : विहिरीत, तळ्यात श्वास रोखण्याच्या पैजा लावू नका. मोठे माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

जाता जाता एक उदाहरण. बुडी ४० ऐवजी ३० मीटरची आहे. टाकी १२ लिटरची. एक मिनिट तळाशी, मिनिटाला १० मीटर वेगाने वर आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबा. दोघांना मिळून मिनिटाला ६० लिटर हवा. काटा कितीवर आला की निघावे? आधी स्वतः सोडवा, मगच पुढची ओळ वाचा.

उत्तर : २४० + ४५० + २७० = ९६० लिटर, म्हणजे ८० बार.